एक कप स्ट्रॉबेरी म्हणजे नक्की किती ग्रॅम?

आजचा भाग एका बिघडलेल्या जॅमबद्दल आहे.

झालं असं, की महाबळेश्वरहून येताना मी 2 किलो स्ट्रॉबेरी आणली. एका अमेरिकन रेसिपीत लिहिलं होतं, 4 कप कुस्करलेली स्ट्रॉबेरी आणि 4 कप साखर. मी काय केलं, अख्खी फळं कपाने मोजली आणि मग कुस्करली. आठवड्याभरात बरणीत साखरेचे खडे! आईने चमच्याने खरवडून बघितलं आणि म्हणाली, "हा जॅम नाही रे, खडीसाखर आहे."

आता गणित बघा. अमेरिकन कप म्हणजे साधारण 237 मिली. त्यात अख्खी स्ट्रॉबेरी बसते 144 ग्रॅम, काप केले तर 166 आणि पूर्ण लगदा केला तर 232. फळ तेच, कप तोच. फरक फक्त मधल्या हवेचा. अख्ख्या फळांमध्ये जवळपास 40 टक्के जागा रिकामीच असते. कुस्करलं की ती हवा निघून जाते आणि फळात मुळात 90 टक्क्यांहून जास्त पाणी, त्यामुळे लगद्याचं वजन जवळजवळ पाण्याइतकंच भरतं.

म्हणजे मला हवी होती साधारण 930 ग्रॅम स्ट्रॉबेरी, मी घातली 576. साखर मात्र पूर्ण 800 ग्रॅम! दुसरं काय होणार?

त्यामुळे रेसिपी वाचताना शब्दांचा क्रम बघा. "एक कप चिरलेली स्ट्रॉबेरी" म्हणजे आधी चिरा, मग मोजा. "एक कप स्ट्रॉबेरी, चिरून" म्हणजे आधी मोजा, मग चिरा. आमच्या कोडिंगमध्ये ओळींचा क्रम चुकला की बग येतो, तसंच हे.

बाकीच्या बेरीजचं म्हणाल तर ब्लूबेरी कपाला 148 ग्रॅम आणि रास्पबेरी फक्त 123, कारण ती आतून पोकळ असते.

आणि हो, घरातला चहाचा कप म्हणजे हा कप नव्हे. तो बराच लहान असतो. डिजिटल काट्यावर रिकामा कप ठेवा, काटा शून्यावर आणा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिली. त्या आकड्याला अख्ख्या स्ट्रॉबेरीसाठी 0.6 ने गुणा, कापांसाठी 0.7 ने. लगद्याला गुणायची गरजच नाही. वजन मात्र देठ काढल्यावरच करायचं.

मिल्कशेक करताना एवढा हिशोब कोणी करू नये. पाच-सहा फळं इकडे-तिकडे झाली तरी बिघडत नाही. जॅम आणि केकमध्ये मात्र साखर आणि पाण्याचं प्रमाण हलतं, तिथे काटा काढाच.

ती बरणी टाकली नाही बरं का. आई लिंबू सरबतात साखरेऐवजी त्यातलाच एक चमचा घालते. रंग झकास येतो.