पटकीचा नकाशा व त्याचे वाचन

बोलींच्या पाहणीसाठी गेलेला आमचा विद्यार्थी परत आला की पहिल्या आठवड्यातच नकाशा घेऊन येतो. संगणकामुळे हे काम फारच सुलभ झाले आहे. गावांची व शब्दांची यादी यंत्रास दिली की रंगीत ठिपक्यांचा नकाशा क्षणात तयार होतो, आणि तो पाहताच आपल्याला काहीतरी सापडले असे वाटू लागते. ह्या वाटण्याची परीक्षा कशी करावी, हा प्रश्न मला बरीच वर्षे सतावीत आला आहे. त्याचे त्यातल्या त्यात समाधानकारक उत्तर मला भाषाशास्त्राच्या ग्रंथांत नव्हे, तर १८५४ साली लंडनच्या सोहो भागात उद्भवलेल्या पटकीच्या साथीच्या हकिकतीत आढळले. ती हकिकत अनेकांच्या ऐकिवात असेल. परंतु ज्या रूपाने ती सांगितली जाते ते रूप सदोष आहे, म्हणून येथे ती काहीशा विस्ताराने मांडतो.

प्रचलित कथा अशी : जॉन स्नो नावाच्या डॉक्टराने मृतांची घरे नकाशावर ठिपक्यांनी दाखविली, ठिपके ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोवती दाटलेले दिसले, त्यावरून पटकी पाण्यातून पसरते हे त्यास कळले, त्याने पंपाचा दांडा काढविला आणि साथ थांबली. कथा सुटसुटीत आहे, आणि तिच्यातील जवळजवळ प्रत्येक विधानास दुरुस्तीची गरज आहे.

पहिली गोष्ट, स्नोचा सिद्धान्त नकाशातून निघालेला नाही. पटकीचे विष रोग्याच्या मलातून पाण्यात व पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जाते, हे मत त्याने १८४९ सालीच एका पुस्तिकेत प्रसिद्ध केले होते. त्या काळचे बहुतेक वैद्य व अधिकारी मात्र घाणीतून उठणाऱ्या दूषित हवेस रोगाचे कारण मानीत. त्यांच्याजवळही आकडे होतेच. विल्यम फार ह्या नामांकित संख्याशास्त्रज्ञाने १८४८-४९च्या साथीतील मृत्यूंची लंडनच्या निरनिराळ्या विभागांच्या उंचीशी तुलना करून दाखविली होती, आणि विभाग जितका सखल तितके मृत्यू अधिक असा अतिशय नियमित संबंध त्याला आढळला होता. संबंध खरा होता, कारण चुकले होते. सखल भागात दूषित हवा साचते असे फारला वाटले. वस्तुतः नदीकाठच्या त्या वस्त्यांना पाणीच वाईट मिळत होते.

सोहोतील साथ ३१ ऑगस्ट १८५४च्या रात्री भडकली. स्नो स्वतः जवळच राहत असे. ब्रॉड स्ट्रीट व केंब्रिज स्ट्रीट ह्यांच्या संगमापासून अडीचशे यार्डांच्या आत दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याचा संशय पंपावर गेला. पंपाचे पाणी तपासले असता त्यात डोळ्यांना दिसण्यासारखे फारसे काही आढळले नाही. तेव्हा त्याने मृत्युनोंदणीच्या कचेरीतून पहिल्या ८३ मृत्यूंची यादी मिळविली आणि तो चालत घरोघर गेला. ह्यांपैकी ७३ मृत्यू त्या पंपाच्या परिसरातील होते. त्यांतील ६१ जण पंपाचे पाणी नेहमी किंवा अधूनमधून पीत असत, ६ जण पीत नव्हते व ६ जणांविषयी माहिती मिळाली नाही. उरलेले दहा मृत्यू दुसऱ्या पंपांना स्पष्टपणे अधिक जवळ असलेल्या घरांतले. त्यांतील पाच कुटुंबे आवडीने ब्रॉड स्ट्रीटचेच पाणी आणवीत, आणि तीन मुले त्या पंपाजवळच्या शाळेत जात होती. ७ सप्टेंबरला त्याने हे सारे स्थानिक मंडळापुढे मांडले व दुसऱ्या दिवशी पंपाचा दांडा काढण्यात आला. तोपर्यंत साथ ओसरू लागली होती, कारण पुष्कळ लोक घरे सोडून गेले होते. हे स्वतः स्नोनेच प्रांजळपणे नमूद केले आहे. ह्या सर्व घडामोडींत नकाशा कोठेच नाही. तो त्याने डिसेंबरात एका वैद्यकीय सभेत दाखविला आणि १८५५ साली पुस्तकात छापला.

त्या नकाशावर ठिपकेही नाहीत. प्रत्येक मृत्यूसाठी त्या त्या घरापाशी एकेक आडवी काळी रेघ एकीवर एक रचलेली आहे. त्यामुळे कोणत्या दारात किती मृत्यू झाले ते मोजता येते. आज सर्वत्र दिसणारे ठिपके १९५८ साली गिल्बर्ट ह्या भूगोलज्ञाने आपल्या लेखासाठी केलेल्या आवृत्तीतून रूढ झाले. फरक बारीक वाटेल, पण ठिपक्यांत घर हरवते आणि केवळ दाटी उरते.

ह्या दाटीवरून काय सिद्ध होते? माझ्या मते, एकटीवरून काहीच नाही. त्याच सप्टेंबरात एडमंड कूपर ह्या अभियंत्याने गटारखात्यासाठी त्याच मृत्यूंचा नकाशा काढला. १६६५च्या प्लेगमधील जुनी दफनभूमी गटारांच्या कामात उघडी पडून रोग उद्भवला अशी लोकांत ओरड होती. कूपरने मृत्यूंची घरे, गटारे व ती दफनभूमी नकाशावर मांडली आणि गटारांचा दोष नाही असा निष्कर्ष काढला. आरोग्य मंडळाच्या समितीपुढेही मृत्यूंचे नकाशे होते, तरी दूषित हवेवरील तिचा विश्वास ढळला नाही. तिला केवळ हटवादी म्हणून चालणार नाही, कारण एखाद्या जागेतून विषारी हवा पसरत असती तरी तिच्याभोवती मृत्यूंची अशीच दाटी दिसली असती.

दोन उपपत्तींचा निवाडा झाला तो अपवादांवर. पोलंड स्ट्रीटवरील निर्धनगृहाच्या चारी बाजूंना मृत्यू होत असता आतील ५३५ जणांपैकी केवळ पाच दगावले. हवा तीच होती, विहीर मात्र त्यांची स्वतःची होती. ब्रॉड स्ट्रीटवरील बिअरच्या कारखान्यात सत्तराहून अधिक कामगार असून एकही मेला नाही. ते कारखान्याची बिअर पीत आणि तेथेही स्वतंत्र विहीर होती. सर्वांत बोलका अपवाद तर नकाशाच्या बाहेर आहे. दूर हॅम्पस्टेड येथे राहणाऱ्या एका विधवेस ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची गोडी लागलेली होती, कारण ती पूर्वी तेथे राहत असे. तिच्यासाठी गाडीतून रोज त्या पाण्याची बाटली जाई. ३१ ऑगस्टला आलेले पाणी ती प्याली व २ सप्टेंबरला मरण पावली. भेटीस आलेली इस्लिंग्टनची तिची भाचीही तेच पाणी पिऊन परत गेली आणि दगावली. ह्या दोघींच्या वस्त्यांत पटकी नव्हती. नकाशावरील खूण माणूस कोठे मेला हे दाखविते. त्याने पाणी कोठले प्याले हे दाखवीत नाही. दुसरी गोष्ट दारावर जाऊन विचारावी लागते.

नंतर चौकशी-समितीच्या अहवालासाठी स्नोने नकाशाची सुधारलेली प्रत काढली, आणि माझ्या दृष्टीने त्याची खरी प्रतिभा येथे दिसते. ब्रॉड स्ट्रीटचा पंप व सभोवारचे पंप ह्यांपासून सारख्या अंतरावर असलेल्या बिंदूंतून त्याने एक तुटक रेषा ओढली. अंतर फूटपट्टीने मोजलेले नव्हते. जवळात जवळच्या वाटेने चालत जाण्याचे होते. दुसरा पंप स्पष्टपणे जवळ येतो तेथे मृत्यू फार कमी होतात किंवा थांबतात असे तीवरून दिसले. तरीही एका ठिकाणी रेषेने दगा दिला. मार्लबरो स्ट्रीटच्या पंपाजवळही मृत्यू झाले होते. विचारता कळले की त्या पंपाचे पाणी इतके घाण होते की लोक ते टाळीत, आणि तेथील मृतांनी ब्रॉड स्ट्रीटचेच पाणी घेतले होते.

साखळीचा अखेरचा दुवा हेन्री व्हाइटहेड ह्या तरुण धर्मोपदेशकाने जोडला. प्रथम तो स्नोच्या विरुद्ध होता आणि ते मत खोडून काढण्यासाठीच त्याने घरोघर चौकशी चालविली. चौकशीअंती मात्र त्यालाच ते मान्य करावे लागले. ४० क्रमांकाच्या घरातील एक तान्हे मूल साथीपूर्वीच आजारी पडले होते व त्याचे कपडे धुतलेले पाणी घरापुढील मैलाकुंडात ओतले जाई, हे त्याने शोधले. खोदून पाहता ते कुंड विहिरीपासून तीन फुटांच्याही आत असून झिरपत असल्याचे आढळले.

आपल्या विषयात गाव हे घर आहे आणि बोलणारा हा मृत्यूची रेघ. फ्रान्सच्या भाषिक नकाशासंग्रहासाठी एदमोंने सायकलवरून ६३९ ठिकाणे पालथी घातली, परंतु बहुतेक ठिकाणी एकाच व्यक्तीस प्रश्न विचारले. त्या व्यक्तीने शब्द कोठून आणला हे खुणेवरून कळत नाही. आपल्याकडे तर सासरी चाळीस वर्षे काढलेली आजी माहेरचा शब्द सांगते, आणि नकाशावर तो सासरच्या गावाच्या नावे जमा होतो; ही आपली हॅम्पस्टेडची बाटली होय. बारा कोसांवर भाषा बदलते असे आपण म्हणतो, पण कोस मोजायचा तो कोणत्या वाटेने? सह्याद्रीच्या माथ्यावरील व पायथ्याचे गाव नकाशात लागून असते. त्यांच्यामधील वाट मात्र दूरच्या घाटातून वळसा घेते. शिवाय जवळचा बाजार सोडून दूरच्या बाजारास जाणारी गावेही असतातच. २०२० सालच्या करोनाच्या साथीत शहरांचे प्रभागवार रंगविलेले नकाशे आपण रोज पाहिले, तेव्हाही रोगी राहत्या पत्त्यावर दाखविला जाई, संसर्ग कोठेही झालेला असो.

म्हणून आमच्या पाहणीच्या प्रश्नावलीत ह्या वर्षी तीन प्रश्न वाढविले आहेत : जन्म कोठला, आई कोठली, आठवड्याचा बाजार कोठला. पहिल्याच खेपेस विद्यार्थ्यांच्या नकाशांवरील कित्येक स्वच्छ रेषा त्यामुळे विस्कटल्या, आणि एक-दोन विद्यार्थी माझ्यावर रुष्ट आहेत. विस्कटलेल्या ठिकाणांची यादी विभागाच्या फलकावर लावली आहे. त्या गावी पुन्हा जाण्यास कोण तयार आहे ते कळवावे.