मैदान आहे, पण वाट कुठे?

१८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया बोलावयास उभे राहिले, तेव्हा मागणी एकच होती: लोकांना एकत्र जमण्याची आणि मोकळेपणी बोलण्याची मुभा असावी. गोमंतकाच्या मुक्तिलढ्याचे नवे पर्व असे एका मोकळ्या जागेत सुरू झाले. आज त्या मैदानाला लोहियांचेच नाव आहे. मैदानावर जाण्यास आता कोणाची बंदी नाही. पण बंदी नसणे आणि तेथवर पोहोचता येणे, या दोन गोष्टी एकच आहेत काय?

राजधानी पणजीचेच पाहा. आझाद मैदान, चर्चसमोरचे उद्यान, कांपालच्या बागा, मिरामारचा किनारा ही संपत्ती कोणत्याही शहराने हेवा करावा अशी. परंतु तिचा मोठा भाग मांडवीच्या कडेला आहे. मळा किंवा भाटले येथील दाट वस्तीतल्या वृद्धेने कांपालला जायचे म्हटले, तर वाहनांनी अडविलेला पदपथ, उंचसखल फरश्या आणि न थांबणाऱ्या गाड्यांचे रस्ते ओलांडावे लागतात. आल्तिनोवर बाग आहे. पण गुडघे दुखणाऱ्यास डोंगराची चढण चुकत नाही. ज्याच्या दारी अंगण आणि मोटार आहे, तो मिरामारला सहज जातो. ज्याला दोन खोल्यांबाहेर मोकळा श्वास घ्यावयाचा आहे, तोच अर्ध्या वाटेवरून परततो. हा न्याय नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१७ साली एक साधा दंडक सांगितला: घरापासून ३०० मीटरच्या आत, म्हणजे सुमारे पाच मिनिटांच्या चालीवर, निदान अर्धा हेक्टर हिरवी जागा असावी. मात्र हे अंतर सरळ रेषेतले आहे. माणूस कावळा नाही. भिंतीपलीकडची बाग नकाशावर शंभर मीटरवर दिसते. फाटक दुसऱ्या टोकाला असले, तर तीच अर्ध्या कोसावर जाते. म्हणून मोजमाप करावयाचे ते पायांनी, तेही म्हाताऱ्याच्या व मुलाच्या पायांनी.

कायद्याचे पाठबळही आता स्पष्ट आहे. पदपथावरून चालण्याचा हक्क राज्यघटनेच्या २१व्या कलमात अंतर्भूत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी सांगितले. पदपथ दिव्यांगांनाही वापरता यावेत, त्यांवरील अतिक्रमणे दूर व्हावीत, असेही बजावले.

गाड्या ठेवावयाच्या कुठे, असा व्यापारीवर्गाचा प्रश्न आहे आणि तो खोटा नाही. त्यासाठी वाहनतळ अवश्य बांधावेत. मात्र त्याची किंमत पायी चालणाऱ्याने का मोजावी?

आमची मागणी खर्चिक नाही. महापालिकेने प्रभागवार पाहणी करून कोणत्या घरातून कोणती मोकळी जागा किती मिनिटांच्या चालीवर आहे, हे जाहीर करावे. बागेला वस्तीच्या बाजूने फाटक ठेवावे, ते कामावर जाण्यापूर्वी व परतल्यावरही उघडे असावे. रस्ता ओलांडण्याच्या जागी वाहने थांबतील अशी व्यवस्था करावी. वाटेत सावली आणि टेकावयास बाक असावा.

नव्या उद्यानांची उद्घाटने पुष्कळ झाली. आता जुन्या उद्यानांकडे जाणारी एखादी वाट मोकळी करून दाखवावी. तिचे उद्घाटन वस्तीतील एखादी आजी नातवाचे बोट धरून करील. त्यास फीत लागणार नाही.