सिग्नलवरचा धूर थेट डोक्यात!

सकाळचे पावणेदहा. बर्डीचा व्हरायटी चौक. सिग्नल लाल. पुढे बस, बाजूला ऑटो, मागे हॉर्नवर अंगठा ठेवून बसलेले एक भाऊ. तुम्ही स्कूटीवर. डोक्याला हेल्मेट, तोंडाला स्कार्फ, हातात मोजे... फुल तयारी! ऊन आणि धूळ, दोन्हींचा बंदोबस्त. तरीही ऑफिसला पोचेपर्यंत डोकं जड. पहिला मेल उघडण्याआधी कडक चहा हवाच. दोष कुणाला? रात्रीच्या जागरणाला, नाहीतर बॉसला.

बॉसला जरा बाजूला ठेवा, राजेहो. डोकं जड होण्यामागे झोप, ऊन, कमी पाणी असं काहीही असू शकतं. पण समोरच्या सायलेन्सरकडेही एकदा बघाच.

नाकातला शॉर्टकट

धूर म्हणजे खोकला आणि दमा, एवढंच आपलं गणित. पण धुरातले सगळ्यात बारीक कण फुफ्फुसात थांबत नाहीत. ते रक्तात उतरतात, शरीरात दाह निर्माण करतात आणि त्याची झळ मेंदूच्या रक्तवाहिन्यांनाही लागते. दुसरा रस्ता आणखी जवळचा. वास ओळखणाऱ्या नसा नाकाच्या छतातून सरळ मेंदूत जातात. अतिसूक्ष्म कणांना हा शॉर्टकट सापडतो. २०१६ साली मेक्सिको सिटी आणि मँचेस्टरच्या मृत रहिवाशांच्या मेंदूत संशोधकांना लोहाचे गोलसर कण सापडले. इंधन जळताना तयार होतात, अगदी तसे!

कार्बन मोनॉक्साइडची तर वेगळीच दादागिरी. रक्तात ऑक्सिजनची सीट तोच अडवून बसतो. त्याचं प्रमाण वाढलं की डोकं दुखतं, गरगरतं.

फक्त दोन तास

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने २५ निरोगी माणसांना दोन तास डिझेलचा पातळ केलेला धूर दिला आणि वेगळ्या वेळी स्वच्छ हवा. दोन्ही वेळा मेंदूचा स्कॅन काढला. धुरानंतर मेंदूच्या काही भागांमधला आपापसातला संपर्क कमी झालेला दिसला. २०२३ साली ही माहिती प्रसिद्ध झाली. हा परिणाम तात्पुरता होता, हे खरं. पण आपला धूर तात्पुरता आहे का? रोज सकाळ, रोज संध्याकाळ...

त्याच देशातल्या ओंटारिओ प्रांतातला २०१७ सालचा अभ्यास लाखो लोकांचा. मोठ्या रस्त्यापासून ५० मीटरच्या आत राहणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे ७ टक्के जास्त निघालं. २०० मीटरच्या पलीकडे हा फरक उरला नाही. म्हणजे रोडटच फ्लॅट घेताना फक्त पार्किंग विचारून भागणार नाही!

पेट्रोल बदललं, मग...

हे सगळं वाचून हात टेकायचं कारण नाही. एकेकाळी आपल्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं. लहान मुलांच्या बुद्धीवर घाव घालणारं विष! २००० सालापासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं. पुढे डॉ. रघुनाथ माशेलकर समितीने स्वच्छ इंधनाचा टप्प्याटप्प्याचा आराखडा दिला आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. इंधनातलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं.

पण जुन्या गाड्या रस्त्यावर आहेतच आणि नव्यांची भर रोज पडते. पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी ही राष्ट्रीय संस्था १९५८ पासून आपल्याच वर्धा रोडवर आहे. तरी २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, हवेच्या मानकात नापास झालेल्या शहरांच्या यादीत नागपूरचं नाव आलंच. पीएम २.५ साठी आपली वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची फक्त ५.

मग करायचं काय?

* स्कार्फ उन्हासाठी छान. बारीक कण मात्र त्यातून आरामात जातात. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ वापरा. तो कण अडवतो, वायू नाही.
* बसच्या किंवा ट्रकच्या सायलेन्सरमागे उभं राहू नका. चार हात अंतर ठेवा.
* सिग्नल लांबलचक असेल तर इंजिन बंद. पेट्रोलही वाचतं!
* कारमध्ये असाल तर गर्दीत एसी आतल्या हवेवर ठेवा. मोकळ्या रस्त्यावर काच खाली करा.
* मिहानला जाता? खापरीपर्यंत मेट्रो आहे. आठवड्यातून दोन दिवस तरी गाडीला सुट्टी द्या.
* हिवाळ्यात सकाळी धूर खालीच साचून राहतो. जॉगिंग मोठ्या रस्त्याकडेला नको, अंबाझरी किंवा सेमिनरी हिल्सकडे वळा.
* पीयूसी म्हणजे नुसता कागद नाही. गाडी खरंच तपासून घ्या.

आणि एक शेवटचं. स्कूटीवर पुढे उभं राहणारं आपलं पिल्लू आठवा. त्याचं नाक आपल्यापेक्षा सायलेन्सरच्या जास्त जवळ, श्वासही आपल्यापेक्षा भराभर आणि मेंदू अजून घडतोय. बार्सिलोनातल्या ३९ शाळांच्या अभ्यासात, जास्त धुराच्या शाळांमधल्या मुलांची कामापुरतं लक्षात ठेवण्याची क्षमता वर्षभरात कमी वाढलेली आढळली होती.

उद्या सिग्नलला थांबलात की चावी फिरवा. मागचे भाऊ हॉर्न देतील. देऊ द्या. तुमच्या पुढ्यात उभ्या असलेल्याला तेवढा एक मिनिट कमी धूर मिळेल.