जुगाराचे व्यसन: कर्ज फेडले तरी सुटत नाही

वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन होते. त्यात गृहस्थांच्या विनयाचा भाग येतो, सिगालाला केलेला उपदेश येतो. संपत्ती कशाने नासते हे सांगताना तिथे जुगाराचे नाव स्पष्ट घेतले आहे. पंचशीलात मात्र जुगाराचा वेगळा उल्लेख नाही. पाचवे शील मादक पदार्थांबद्दल आहे. म्हणून "आमचा पोरगा दारूला शिवत नाही" एवढ्यावर पुष्कळ घरे निश्चिंत असतात. पाली सुत्तात जुगाराचे सहा तोटे मोजले आहेत. जिंकला तर वैर, हरला तर हळहळ, पैशाचा नाश, सभेत शब्दाला किंमत नाही, मित्रांत मान नाही, आणि सहावा असा की त्याच्या घरी कोणी सोयरीक करत नाही. हा सहावा तोटा वस्तीतल्या आयांना समजावून सांगावा लागत नाही.

आपल्या जिल्ह्यात कापूस वेचणाऱ्या हातांना एक गोष्ट ठाऊक नसेल. मटका कापसातूनच निघाला. मुंबईत पूर्वी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावांवर पैसे लावत. 'ओपन-क्लोज' हे शब्द तिथले. पुढे 1960 च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी आपले आकडे काढायला सुरुवात केली, आणि गिरणी कामगारांचा पगार त्यात जाऊ लागला. त्याचा हिशेब सोपा आहे. एका आकड्याचा प्रचलित भाव 10 रुपयांना 90. आकडे दहा. दहाही आकड्यांवर 10-10 लावले तर 100 जातात आणि 90 येतात. रोज खेळणारा रोज हा तोटा भरतो. ज्याला आकडा लागला त्याची बातमी गल्लीभर होते. बाकीचे गप्प असतात.

आता टपरीवर जायचीही गरज राहिली नाही. मटका, रमी, क्रिकेटचा सट्टा, सगळे मोबाईलवर आले. संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. तो खेळ चालवणाऱ्यांना आणि जाहिरात करणाऱ्यांना शिक्षा सांगतो, खेळणाऱ्याला नाही. पण चोरून लिंक पाठवणारे आहेतच, आणि झाडाखालचा तिर्रटही बंद झालेला नाही.

प्रत्येक खेळणारा व्यसनी नसतो. व्यसन ओळखायची सर्वांत मोठी खूण म्हणजे "गेलेले परत काढायचेत" हे वाक्य. हरल्यावर माणूस थांबत नाही, आणखी मोठी रक्कम लावतो. मग खोटे सुरू होते. पगार उशिरा होणार आहे, मुकादमाने उचल दिली नाही, पाकीट मारले. रात्री दोनपर्यंत मोबाईल, कोणी जवळ आले की पडदा पालथा. खेळायला मिळाले नाही की चिडचिड. बायकोच्या नावावर बचत गटाचे किंवा फायनान्सचे कर्ज निघते आणि हप्ता मागायला माणूस दारात आला की घरी कळते. जागतिक आरोग्य संघटनेने जुगाराच्या व्यसनाची नोंद आजारांच्या यादीत केली आहे. शपथ घालून किंवा मारहाण करून तो बरा होत नाही.

इथे घरचे एक काम हमखास करतात. मंगळसूत्र गहाण टाकून, भावाकडून उसने आणून सगळे कर्ज एकदम फेडतात. माझे स्पष्ट मत आहे की ही मदत नव्हे. कर्ज उतरले की त्याला पुन्हा उधारी मिळते. आधी सगळ्या देण्यांची यादी त्याच्याच हाताने कागदावर लिहून घ्यावी. पगाराचे खाते, एटीएम कार्ड, फोनवरून पैसे पाठवण्याची सोय काही काळ पत्नीकडे किंवा आईकडे असावी. ज्यांच्याकडून तो उसने घेतो त्यांना घरच्यांनी जाऊन सांगावे. हप्ते थोडे थोडे, त्याच्याच कमाईतून जावेत. सावकार विनापरवाना असेल, धमकावत असेल, तर सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात तक्रार करता येते; 2014 चा सावकारी कायदा त्यासाठीच आहे.

उपचार म्हणजे मुख्यतः समुपदेशन: खेळायची ओढ कधी, कोणासोबत, कशाने उठते हे शोधायचे आणि त्या वेळेला दुसरे काम लावायचे. सोबत उदासी किंवा दारू असेल तर डॉक्टर औषधही देतात. मध्येच एकदा पुन्हा खेळला तर सगळे वाया गेले असे धरू नये, पुढच्या तारखेला न्यावे. जालन्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा. पोलिसांत नाव जाईल ही भीती नको. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे.

कर्जाच्या ओझ्याने "माझ्यामागे तुम्ही सुखी राहाल" असे कोणी बोलू लागला तर त्याला एकटे सोडू नका, फवारणीचे औषध घरातून हलवा, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मराठीतही बोलता येते. तो स्वतः बोलायला तयार नसेल तर बायको, आई, बहीण, कोणीही फोन लावू शकते.