काचेचे पेपरवेट : कारखाना कसा ओळखावा?

जेऊरला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे कापडाचे दुकान आहे. डोक्यावर पंखा, समोर बिलांचा गठ्ठा आणि गठ्ठ्यावर काचेचे पेपरवेट, अशी आमच्या गादीची मांडणी वालिद साहेबांच्या काळापासून चालत आली आहे. बिलबुके गेली, संगणक आला, पेपरवेट मात्र जागेवरच राहिले. ते कुणी बनवले, कुठल्या भट्टीतून निघाले, हा प्रश्न पन्नाशी ओलांडेपर्यंत आमच्या मनात कधी आला नव्हता. तो आला एका चुकीमुळे, आणि चूक आमचीच होती.

झाले असे. आमच्या मोहल्ल्यात एक वयोवृद्ध खाला राहतात. त्यांचे सासरे रेल्वेत नोकरीला होते. १८६० साली आगगाडी सोलापूरपर्यंत पोचली, तेव्हापासून या पट्ट्यात रेल्वेच्या नोकरीवर चालणारी घरे आहेत, आणि साहेब लोकांनी जाताना देऊन टाकलेल्या वस्तू त्या घरांतल्या पेट्यांतून अजून निघतात. खालांच्या पेटीत एक पेपरवेट होते. आत रंगीबेरंगी बारीक फुले, गच्च बसवलेली. त्यांना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पैसे हवे होते, आणि गावोगाव फिरून जुन्या वस्तू घेणाऱ्या एका माणसाने पंधराशे रुपये देऊ केले होते. त्या आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "बेटा, तू व्यापारी माणूस. सांग, देऊ का?"

आम्ही सूत मोजायचे घडीचे भिंग काढले आणि पेपरवेटवर धरले. फुलांच्या गर्दीत १८४८ असा आकडा दिसला. पुतण्याने मोबाईलवर शोधून वाचून दाखवले की असल्या पेपरवेटांना परदेशात लाखांत किंमत येते. आम्ही मोठ्या ऐटीत सांगितले, "खाला, अजिबात देऊ नका." तो माणूस पुन्हा आला, नकार ऐकून गेला आणि नंतर फिरकला नाही.

आता पाहा, पानिपतची चादर सोलापुरी म्हणून कुणी आमच्यापुढे टाकली तर आम्ही तिची चिठ्ठी आधी वाचत नाही. हाताने वजन घेतो, सूत पाहतो, काठ उलटून पाहतो, चिठ्ठी सगळ्यात शेवटी. काचेच्या बाबतीत मात्र आम्ही चिठ्ठी वाचूनच सौदा मोडला.

मग आम्ही या विषयाच्या मागे लागलो. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झालेले, त्यामुळे फ्रेंच कारखान्यांची नावे जिभेवर बसायलाच महिना गेला. जे कळले ते इथे देत आहोत, कारण आमच्या मणियार बांधवांकडे, भंगाराचा आणि जुन्या सामानाचा धंदा करणाऱ्यांकडे असे नग येत-जात असतात.

आधी ही फुले आत जातात कशी ते समजून घ्यावे. कारागीर रंगीत काचेवर दुसऱ्या रंगाचा थर चढवतो, साच्यात दाबून पाकळ्यांचा आकार देतो, आणि गोळा मऊ असतानाच दोघे जण दोन टोके धरून उलट दिशेने चालत जातात. त्याची लांबच लांब बारीक सळई होते, पण आतली नक्षी जशीच्या तशी राहते, फक्त लहान होते. सळईचे काकडीसारखे काप करायचे, ते मांडून गरम करायचे आणि वरून वितळलेल्या स्वच्छ काचेचा घुमट चढवायचा. घुमट भिंगाचे काम करतो, म्हणून फुले मोठी दिसतात. म्हणजे फूल, अक्षर, आकडा, जे काही आत दिसते ते सळईचे कापलेले तोंड असते. प्रत्येक कारखान्याच्या सळया त्याच्या स्वतःच्या साच्यांतल्या, आणि जाणकार सर्वप्रथम त्याच पाहतात. आमच्या धंद्यात काठाची वीण पाहतात तसेच हे आहे.

ही कला मुळात व्हेनिसकडची. १८४५ साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात व्हेनिसच्या पिएत्रो बिगालिया यांनी असली पेपरवेटे मांडली आणि फ्रान्सच्या कारखान्यांनी ती उचलली. टपाल स्वस्त होत होते, पत्रे लिहिण्याची हौस वाढली होती, मेजावर ठेवायच्या देखण्या वस्तूला गिऱ्हाईक होते. पुढची पंधराएक वर्षे तीन कारखान्यांनी जो माल काढला, त्याला आज सर्वाधिक मोल आहे.

पहिला बाकारा. त्याच्या काही नगांत 'बी' हे रोमन अक्षर आणि १८४६ ते १८४९ यांपैकी एखादे साल असते. सळयांच्या तोंडावर कोंबडा, घोडा, हत्ती अशा जनावरांच्या सावल्याही सापडतात, आणि एकच मोठे फूल असलेल्या नगाच्या तळाला पुष्कळदा चांदणीसारखा काप असतो. दुसरा सँ लुई. त्याची खूण 'एस एल' ही दोन अक्षरे. पांढऱ्या काचेच्या जाळीदार टोपलीत ठेवलेली फळे ही त्याची खासियत. तिसरा पॅरिसजवळचा क्लिशी. तो 'सी' अक्षर टाकी, पण क्वचित. त्याची खरी ओळख म्हणजे उमलत्या गुलाबासारखी एक सळई, जिला सगळे क्लिशीचा गुलाबच म्हणतात. पण हा गुलाब इतरांनीही काढला आहे, तेव्हा नुसत्या गुलाबावर बोली लावू नये. क्लिशीचा कारखाना एकोणिसाव्या शतकातच संपला. बाकारा आणि सँ लुई यांनी मात्र १९५० नंतरच्या दशकात हे काम पुन्हा सुरू केले. बाकाराच्या नव्या नगाच्या तळावर तेजाबाने उमटवलेला गोल शिक्का असतो, त्यात सुरई आणि पेल्यांचे चित्र. नवा नग खोटा नव्हे, पण त्याला जुन्याचा दाम नाही.

या काळातल्या बहुतेक पेपरवेटांवर ना अक्षर आहे ना साल. आणि साल असले तरी? इंग्लंडात विसाव्या शतकात बनलेल्या काही पेपरवेटांतही १८४८ हा आकडा घातलेला आढळतो. १९३० च्या सुमारास चीनमध्ये फ्रेंच आणि अमेरिकन नमुने समोर ठेवून हुबेहूब नकला झाल्या. आमच्या छातीत धस्स झाले ते हे वाचून.

मग काचेकडे वळलो. फ्रान्सच्या त्या कारखान्यांची काच शिशाची, म्हणून जड. नकलेची काच बहुधा साधी, सोड्याची, हलकी, आणि तिच्यात पिवळसर किंवा हिरवट झाक असते. पांढऱ्या कागदावर ठेवून बाजूने पाहिले की झाक दिसते. जडपणा मोजायला मात्र नजर चालत नाही, काटा लागतो. युक्ती सोपी आहे. सराफाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर पेपरवेटचे कोरडे वजन घ्यावे. मग पाण्याने अर्धे भरलेले भांडे काट्यावर ठेवून आकडा शून्य करावा. पेपरवेट दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला आणि कडेला लागणार नाही असे हातात धरावे. आता काटा जे ग्रॅम दाखवील, त्याने कोरड्या वजनाला भागावे. उत्तर अडीचच्या आसपास आले तर काच साधी. तीन किंवा अधिक आले तर शिशाची.

आम्ही खालांना घेऊन करमाळ्याला एका सराफाकडे गेलो. कोरडे वजन ४१२ ग्रॅम. पाण्यात १६४. भागाकार अडीच. सराफाने कॅल्क्युलेटर आमच्याकडे फिरवला तेव्हा खालांना आकडा कळला नाही, पण आमचा चेहरा कळला असावा. वाटेत त्या काही बोलल्या नाहीत.

तरी आम्ही दुकानात आणून उरलेल्या तपासण्या केल्या. नोटा पारखायचा जांभळा दिवा आता प्रत्येक गल्ल्यावर असतो. त्याखाली अंधारात धरले की वेगवेगळ्या कारखान्यांची काच वेगवेगळ्या रंगात चमकते. पण त्यासाठी खात्रीचा नमुना शेजारी हवा, तो आमच्याकडे कुठला? तळ पाहिला. गोळा ज्या लोखंडी दांडीवर धरतात ती तोडल्याची खूण तळाला राहते, चांगला कारखाना ती घासून गुळगुळीत करतो. इथे ती ओबडधोबड होती. खरोखर जुन्या नगाच्या तळावर वर्षानुवर्षांचे बारीक ओरखडे वाटेल त्या दिशेला गेलेले असतात. सगळे एकाच दिशेला असतील तर कुणीतरी कागदावर घासून म्हातारपण आणले आहे असे समजावे. खालांच्या पेपरवेटला ओरखडे खरे होते. म्हणजे वस्तू जुनी, पण फ्रान्सची नव्हे. भिंगातून पुन्हा पाहिले तर १८४८ मधला चार उलटा बसला होता! पहिल्या दिवशी तो आम्हाला दिसला नाही, कारण पाहायचाच नव्हता.

मग ते आपल्याच देशातले असेल का? अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा जमवून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काच कारखाना निघाला, आणि तिथे शिकलेले कारागीर पुढे देशभर पसरले. कराडजवळच्या ओगलेवाडीचा कारखाना १९१६ चा. त्यांच्या कंदिलावर 'प्रभाकर' हे नाव होते, म्हणून खेड्यातला माणूससुद्धा कंदील कुणाचा ते सांगू शके. फिरोझाबादला आमचे शीशगर बांधव पिढ्यान्‌पिढ्या काचेचे काम करतात, आणि आपल्या गाद्यांवरची बुडबुड्यांच्या फुलांची साधी पेपरवेटे तिकडचीच. पण त्यांतल्या एकावरही नाव नाही. स्कॉटलंडमध्ये पॉल इझार्ट नावाचा कारागीर आपल्या नगात 'पी वाय' ही दोन अक्षरे बसवी. आज त्या दोन अक्षरांचा दाम वेगळा मिळतो. आमच्या उस्तादाचा माल डझनावर जातो. एक सळई ओढायला त्याला किती वेळ लागला असता?

जाता जाता दुकानदारांसाठी एक गोष्ट. घुमटाची काच ऊन एका जागी गोळा करते आणि खालचा कागद पेटू शकतो. कापडाच्या दुकानात पेपरवेट उन्हाच्या तिरपीत ठेवू नये. आणि जुना नग हाती आला तर घासू नये, पॉलिश करू नये. ओरखड्यांबरोबर पुरावाही जातो.

खालांचे काय झाले ते सांगायला हवे. तो फिरता व्यापारी आम्ही शोधला, सापडला नाही. त्याने पंधराशे सांगितले होते ते चूक नव्हते, कदाचित जास्तच होते. सौदा आमच्या शब्दावर मोडला होता, म्हणून पंधराशे रुपये आम्ही दिले आणि पेपरवेट गादीवर ठेवले. पैसे नुसतेच घ्यायला खाला तयार नव्हत्या, वस्तू घेणार असाल तरच द्या म्हणाल्या. ऑपरेशन पाच महिने उशिरा झाले, पण झाले. परवा त्या ओढणीचे कापड घ्यायला आल्या. पेपरवेट उचलून डोळ्याजवळ धरले, बराच वेळ फिरवून पाहिले.

"यात इतके रंग होते?" म्हणाल्या, आणि दीड मीटर मलमल फाडून घेतली.