पोटात उतरलेला कॅमेरा

मुलुंडला पाच रस्त्याच्या आसपास कुठल्याही फॅमिली डॉक्टरांकडे थोडा वेळ बसले, तर पोटाची तक्रार घेऊन आलेले दोन-तीन जण तरी हमखास दिसतात. सकाळी डबा घेऊन लोकलसाठी धावायचे, दुपारचे जेवण तीन वाजता आणि रात्रीचे साडेदहाला. जळजळ वाढली की केमिस्टकडून गोळी. असे वर्ष-दोन वर्षे चालते आणि एक दिवस डॉक्टर म्हणतात, ‘एकदा दुर्बीण टाकून बघू या.’ मग पेशंट घाबरतो, ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणत तारीख पुढे ढकलतो.

दुर्बीण हा शब्द रुळला असला, तरी ही वस्तू दूरचे काही बघत नाही. ती कॅमेराच आहे, आणि कॅमेऱ्याच्याच कारखान्यात घडली. पचनमार्ग तपासणाऱ्या जगातल्या एंडोस्कोपपैकी सुमारे ७० टक्के ज्या कंपनीचे असल्याचे सांगितले जाते, ती जपानची ऑलिम्पस. सहलीचे फोटो काढण्यासाठी घेतलेला तिचा छोटा कॅमेरा अनेकांच्या कपाटात अजून पडून असेल.

ताकेशी यामाशिता यांनी १९१९ मध्ये ही कंपनी सुरू केली ती सूक्ष्मदर्शक बनवण्यासाठी. तेव्हा जपानी प्रयोगशाळांना चांगले सूक्ष्मदर्शक परदेशातून आणावे लागत. पहिला कॅमेरा आला १९३६ मध्ये. युद्धानंतर तोक्यो विद्यापीठाच्या रुग्णालयातले शल्यचिकित्सक तात्सुरो उजी कंपनीकडे एक विचित्र मागणी घेऊन आले: जठराच्या आतला फोटो काढता येईल का? जपानमध्ये जठराच्या कर्करोगाचे बळी पुष्कळ होते आणि रोग कळेपर्यंत बहुधा उशीर झालेला असे. सरळ, ताठ नळ्या घशातून घालून आत डोकावण्याचे प्रयोग युरोपात झाले होते, पण ते पेशंटच्या जिवाला घोर लावणारे होते.

मुत्सुओ सुगिउरा आणि मासाहारू फुकामी या तंत्रज्ञांनी उजींबरोबर हे काम हाती घेतले. ३५ मिलिमीटरची फिल्म कापून तिची ६ मिलिमीटरची पट्टी केली. वाकणाऱ्या नळीच्या टोकाला भिंग आणि इवलासा दिवा बसवला. १९५० मध्ये पहिला नमुना तयार झाला. अडचण अशी, की डॉक्टरांना आतले काहीच दिसत नसे. खोलीत अंधार करायचा, दिवा चमकला की पोटाच्या कातडीतून त्याचा उजेड कुठे दिसतो ते बघायचे आणि त्यावरून कॅमेरा कुठे आहे याचा अंदाज बांधायचा. फोटो नीट आले की नाही, ते फिल्म धुतल्यावर कळे! पण याच कृष्णधवल फोटोंनी जठराच्या अस्तरातले बारीक बदल ओळखायला शिकवले. १९६२ मध्ये जपानी एंडोस्कोपीतज्ज्ञांनी ‘सुरुवातीच्या अवस्थेतला’ जठराचा कर्करोग म्हणजे नेमके काय, याची व्याख्या केली. ती आजही वापरली जाते.

आत बघता येण्याची सोय मात्र दुसरीकडे झाली, आणि तिथे एक भारतीय नाव आहे. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेता येते, हे १९५४ मध्ये दाखवले. त्यावरून अमेरिकेत बेसिल हर्शोविट्झ यांनी लवचीक एंडोस्कोप तयार केला आणि १९५७ मध्ये तो आधी स्वतःच्याच घशातून आत घातला. ऑलिम्पसने १९६४ मध्ये काचतंतू आणि आपला पोटातला कॅमेरा एकत्र आणले. पुढे १९८० च्या दशकात टोकाला इलेक्ट्रॉनिक सेन्सर बसला आणि चित्र पडद्यावर आले.

कंपनीचे सगळेच कौतुकाचे नाही. वर्षानुवर्षे लपवलेला तोटा २०११ मध्ये उघड झाला. पेशंटच्या दृष्टीने त्याहून गंभीर गोष्ट पुढची. पित्तनलिकेच्या उपचारात वापरल्या जाणाऱ्या एंडोस्कोपच्या टोकाशी जिवाणू राहून अमेरिकेतल्या रुग्णालयांत संसर्ग पसरले. त्याविषयीची माहिती नियामकांना वेळेवर न दिल्याबद्दल कंपनीने २०१८ मध्ये गुन्हा कबूल केला आणि साडेआठ कोटी डॉलर भरले. म्हणून तपासणीआधी ‘स्कोप प्रत्येक पेशंटनंतर कसा निर्जंतुक करता?’ असे विचारण्यात काही गैर नाही. चांगल्या ठिकाणी याचे सरळ उत्तर मिळते.

२०२१ पासून ऑलिम्पस कॅमेरे बनवत नाही. तो व्यवसाय तिने विकला. ज्यासाठी जन्म झाला ते सूक्ष्मदर्शकही २०२३ मध्ये गेले. पोटातला कॅमेरा तेवढा राहिला.

जळजळीच्या प्रत्येक पेशंटला त्याची गरज नसते. पण गिळताना अडकणे, कारण नसताना वजन उतरणे, काळी शी किंवा रक्ताची उलटी होणे, हिमोग्लोबिन घसरणे, पन्नाशी-साठीनंतर पहिल्यांदाच त्रास सुरू होणे, यांपैकी काही असेल तर गोळ्या खात थांबू नये. रक्ताची उलटी किंवा काळी शी झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वरच्या पचनमार्गाची तपासणी साधारण पाच-दहा मिनिटांची असते. घशात बधिर करणारा स्प्रे मारतात, मळमळते, पण श्वास चालू राहतो. गरज पडल्यास अस्तराचा कणभर तुकडा घेतात. तो घेतल्याचे जाणवतही नाही. आधी सहा तास पोट रिकामे हवे. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे, ती आपल्या मनाने बंद करू नये. गुंगीचे इंजेक्शन घेणार असाल, तर घरचे कुणीतरी सोबत असावे आणि त्या दिवशी स्कूटरला हात लावू नये.