उडीपेक्षा उतरणे महत्त्वाचे : फुटबॉलपटूंचा तोल आणि उड्यांचा सराव

फुटबॉलच्या सामन्यात हेडर मारण्यासाठी उंच झेपावणाऱ्या खेळाडूचे आपण टाळ्या वाजवून कौतुक करतो. तो जमिनीवर कसा उतरतो, याकडे मात्र सहसा कुणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः गुडघ्याचे भवितव्य ठरते ते त्या उतरण्याच्या क्षणी.

उल्हासनगर कॅम्प ४ मधील वाचकांना हा विषय अधिक जवळचा वाटावा. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागेवर फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत उभी राहिली आणि १९४९ साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. आज विठ्ठलवाडी स्थानकापासून कॅम्प ४ पर्यंत वस्ती इतकी दाट आहे की हिरवळीचे मैदान ही चैनच ठरते. मुले खेळतात ती मुरुमाच्या कठीण जमिनीवर, शाळेच्या आवारात, नाहीतर पावसाळ्यातील चिखलात. अशा ठिकाणी पाय घसरणे वा मुरगळणे नवलाचे नाही. आपल्याच ठाणे जिल्ह्यात, नेरूळ येथे, २०१७ साली मुलांच्या आणि २०२२ साली मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचे सामने झाले. फुटबॉल आता मुलींचाही खेळ आहे, ही आनंदाची बाब. परंतु गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध, ज्याला डॉक्टर एसीएल म्हणतात, तो तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा दोन ते तीन पट अधिक असतो.

हा अस्थिबंध बहुतेक वेळा प्रतिस्पर्ध्याच्या धक्क्याने तुटत नाही. खेळाडू एकटाच असतो. तो उडीवरून उतरतो किंवा धावता धावता एकदम दिशा बदलतो, गुडघा आतल्या बाजूला कलतो, आणि सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी वेळात इजा होऊन जाते. तेवढ्या अवधीत मेंदूला सावरण्याचा आदेश देणे शक्य नसते. म्हणून स्नायूंनी योग्य रीतीने उतरण्याची सवय आधीच अंगी बाणवलेली असावी लागते. उड्यांच्या सरावाचे खरे प्रयोजन हेच आहे.

या सरावाला प्लायोमेट्रिक असे भारदस्त नाव आहे. तत्त्व साधे आहे. गुडघे वाकवून खाली जाताना मांडीचे व पोटरीचे स्नायू ताणले जातात आणि ताणलेल्या रबराप्रमाणे लगेच आकसून शरीराला वर फेकतात. ताणणे व आकसणे यांतील वेळ जितका कमी, तितकी उडी जोरकस. १९६० च्या दशकात सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी या पद्धतीला शिस्तबद्ध रूप दिले.

तोल ही त्याचीच दुसरी बाजू. डोळे, कानातील आतील भाग आणि सांध्यांतील सूक्ष्म संवेदक यांच्या वार्तेवर शरीर क्षणोक्षणी स्वतःला सावरत असते. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने लंगडी आणि ठिक्करीच्या खेळात हे शिक्षण नकळत घेतले होते. (ते खेळ अंगणांबरोबरच आटले, हे आमचे दुःख आहे.) इटलीतील ६०० फुटबॉलपटूंचा एक अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्यांनी डगमगत्या फळीवर तोल साधण्याचा सराव केला होता. त्यांच्यात एसीएलच्या दुखापती इतरांपेक्षा खूपच कमी आढळल्या.

फिफाने यावरूनच ‘इलेव्हन प्लस’ हा सुमारे २० मिनिटांचा सरावपूर्व कार्यक्रम घडवला. त्यात धावणे, ताकदीचे व्यायाम, उड्या आणि तोल या सर्वांचा मेळ आहे. नॉर्वेतील १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर त्याची पडताळणी झाली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एकंदर दुखापती सुमारे एक तृतीयांशाने, तर गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने घटल्या. मात्र हे फळ नियमितपणाचे आहे. स्पर्धेच्या दिवशी एकदा उड्या मारून काहीच साधत नाही. आठवड्यातून किमान दोनदा सराव हवा.

याला यंत्रसामग्री लागत नाही. एका पायावर ३० सेकंद उभे राहावे. ते जमले की सोबत्याकडे चेंडू फेकावा व झेलावा. त्यानंतर सोबत्याने हलकेच ढकलून तोल ढळवण्याचा प्रयत्न करावा. मग जागच्या जागी उडी, बाजूला एका पायावर उडी. उतरताना आवाज जितका कमी तितके उतरणे चांगले, ही खूण लहान मुलांनाही समजते. पायाचे पुढचे चवडे आधी टेकावेत, कंबर व गुडघे वाकावेत, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहावा. गुडघे एकमेकांकडे झुकू लागले की मूल थकले, असे समजून उड्या तिथेच थांबवाव्यात. संख्या वाढवण्याचा हट्ट प्रशिक्षकांनी धरू नये. सिमेंटच्या फरशीपेक्षा मातीची जागा बरी, आणि पायात बूट हवेतच.

आपल्या युवक मंडळांच्या स्पर्धांत सामने एकामागोमाग एक लावले जातात आणि संघाला अंग गरम करायला पाच मिनिटेही मिळत नाहीत. आयोजकांनी वेळापत्रकातच ही २० मिनिटे राखून ठेवावीत, असे आम्ही आग्रहाने सुचवतो. त्यासाठी एखादा सामना कमी झाला तरी चालेल.

पालकांना आणखी एक सांगायचे आहे. खेळताना गुडघ्यातून ‘कट्’ असा आवाज आला, काही तासांत सूज चढली किंवा चालताना गुडघा दगा देऊ लागला, तर मालीश करवून घेऊ नये. खेळ त्याच क्षणी थांबवावा, बर्फाने शेकावे, पाय उंच ठेवावा आणि एक-दोन दिवसांत अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.